‘धरण सोडलंय’ ते ‘धरण फुटलंय’ : दूधगंगाकाठच्या एका रात्रीचं प्रकरण

(गाव, तारीख आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

निपाणी तालुक्यातलं दूधगंगेच्या काठावरचं हे गाव. उंबरा साधारण सहाशे. त्यातली चाळीसेक घरं नदीलगतच्या मळीत, म्हणजे सखल जमिनीवर, बाकी गाव टेकाडावर. बोलणं-चालणं मराठी, सरकारी कागद कन्नड. नदीपलीकडं महाराष्ट्र सुरू होतो आणि मधला जुना, बुटका पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. या पट्ट्याला ते नवीन नाही. कारदगा–भोज, मलिकवाड–दत्तवाड, अक्कोळ–सिदनाळ, जत्राट–भिवशी या पुलांची नावं जुलै उजाडला की बातम्यांत येतातच.

गावाला पाणी येतं ते काळम्मावाडीहून. हे धरण राधानगरी तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. साठवण सुमारे २५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्याचे दरवाजे उघडायचा निर्णय होतो कोल्हापूर जिल्ह्यात आणि पाणी चढतं बेळगाव जिल्ह्यात. पाण्याला सीमा नसते, पण सूचनेला असते. दरवाजे उघडल्याची खबर महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याकडून कर्नाटकच्या महसूल खात्याकडं जाते, तिथून तालुक्याला, मग ग्रामपंचायतीला. शेवटच्या टप्प्यावर ती कन्नडमध्ये असते आणि वाचणारा मराठी असतो.

भीतीला आधारही होता. काळम्मावाडीच्या गळतीच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण खरोखर फुटलं आणि माणसं वाहून गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचं पाणी यमगर्णीजवळ थेट पुणे–बेंगळुरू महामार्गावर आलं होतं. त्यामुळं ‘फुटलं’ हा शब्द इथं कुणालाच अशक्य वाटत नाही. या प्रकरणातल्या लोकांना भोळे किंवा अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. जे घडू शकतं, तेच त्यांनी खरं मानलं.

काय घडलं

संध्याकाळी सव्वासहाला पंचायत कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कन्नड सूचनेचा फोटो आला. धरणातून विसर्ग वाढवला आहे, सखल भागातल्या लोकांनी सावध राहावं, असा मजकूर. त्यात एक शब्द होता ‘प्रवाह’. कन्नडमध्ये ‘प्रवाह’ म्हणजे पूर. मराठी वाचणाऱ्याला ती नुसती पाण्याची धार वाटते. सूचना ज्यानं वाचली त्याला कन्नड अक्षरं लागत होती, पण शब्दाचं हे वजन कळलं नाही. त्यानं सातला दहा मिनिटं असताना गावच्या ग्रुपवर एवढंच टाकलं: ‘काळम्मावाडी सोडलंय.’ मळीतल्या घरांना दिलेला इशारा तिथंच गळाला.

‘धरण सोडलं’ म्हणजे धरणातून पाणी सोडलं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नदीतल्या मोटारी वर काढायची ती खूण असते. पण हाच निरोप दोन पाहुण्यांच्या ग्रुपवरून फिरून सव्वाआठला परत आला तेव्हा तो ‘धरण सुटलं’ झाला होता. आठ चाळीसला दूध डेअरीच्या ग्रुपवर आवाजाची क्लिप आली:

‘भावांनो, काळम्मावाडी फुटलंय बघा आत्ताच. दोन तासांत पाणी येतंय. म्हसरं सोडा, पोरंबाळं घेऊन निघा. सगळ्या ग्रुपवर टाका.’

पाठोपाठ एक व्हिडिओ. धरणाच्या दरवाज्यांतून दुधासारखं पाणी कोसळतंय आणि वर हीच क्लिप जोडलेली.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. सोडलं, सुटलं, फुटलं या तीन पायऱ्यांत कुणी एकानं मुद्दाम खोटं रचलं असं दिसत नाही. प्रत्येकानं थोडं थोडं ओढलं. व्हिडिओचं मात्र तसं नाही. जुन्या चित्रावर आवाज चिकटवायला हात लागतात आणि ते कुणीतरी जाणूनबुजून केलं होतं.

नऊच्या सुमाराला वीज गेली. पुराच्या वेळी सखल भागातला पुरवठा बंद करावाच लागतो, त्यात वावगं काही नाही. पण अंधार, धो-धो पाऊस आणि उतरत चाललेल्या फोनच्या बॅटऱ्या, अशा स्थितीत ती क्लिप घरोघरी वाजू लागली. गोठ्यातली जनावरं सोडली गेली. दोन कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाली ती पुलाकडं, पलीकडच्या पाहुण्यांकडं जायला. रात्रीतला सगळ्यात मोठा धोका हाच होता. पुलावर तेव्हा पाणी चढायला लागलं होतं.

पहिले दोन निर्णय आणि त्यांची किंमत

डेअरीचे सेक्रेटरी ग्रुपचे ॲडमिन होते. त्यांनी आठ पंचावन्नला क्लिप सगळ्यांसाठी हटवली आणि ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सोय चालू केली. हेतू चांगला होता, पण घडलं उलटंच. ‘ॲडमिननं हटवलं’ ही ओळ मागं राहते. लोक म्हणाले, ‘खोटं असतं तर हटवलं कशाला?’ क्लिप तोवर तालीम मंडळाच्या, भजनी मंडळाच्या आणि बचत गटाच्या ग्रुपवर पोचली होती. शिवाय ग्रुप बंद झाल्यामुळं पुलाजवळ उभा असलेला एक तरुण ‘पाणी पुलाला लागलंय’ हे सांगू शकला नाही. त्या घडीची सगळ्यात उपयोगी बातमी तीच होती.

दुसरा निर्णय पंचायतीचा. नऊ दहाला अध्यक्षांच्या नावानं मेसेज गेला: ‘धरण फुटल्याची अफवा आहे, विश्वास ठेवू नये.’ त्यात वेळ नाही, आकडा नाही, कुणाला विचारलं तेही नाही. साडेनऊपर्यंत नदीवर गेलेल्या माणसांनी पाणी चढताना डोळ्यांनी पाहिलं. मग अफवा कुठली? पंचायतीचा मेसेज खोटा ठरला आणि क्लिप खरी.

या प्रकरणाची गोम इथं आहे. त्या रात्री खोट्याच्या पोटात एक खरी गोष्ट होती. धरण शाबूत होतं, पण पूर येत होता. ‘अफवा’ म्हणून सगळंच झटकलं असतं आणि लोकांनी ते ऐकलं असतं, तर मळीतली चाळीस घरं झोपेत सापडली असती. अर्धवट खुलासाही दिशाभूलच करतो.

कोणते पर्याय समोर होते

साडेनऊला शाळेच्या व्हरांड्यात चौघं जमले. पंचायत अध्यक्ष, सेक्रेटरी, हायस्कूलचे एक गुरुजी आणि तालीम मंडळाचा एक कार्यकर्ता. पोलिसांना कळवून गप्प बसावं, हा एक विचार निघाला. पण पोलीस येईपर्यंत तास-दीड तास, आणि ट्रॉली तर पुलाच्या वाटेवर. सगळं गाव टेकाडावरच्या शाळेत हलवावं, असंही कुणी म्हणालं. सहाशे घरं, पाऊस, अंधार, म्हातारी माणसं. त्या गडबडीतच कुणाला तरी इजा झाली असती. तिसरा मार्ग म्हणजे आधी नक्की काय झालंय ते शोधायचं, मग मळीला एक आणि टेकाडाला दुसरं असं वेगवेगळं सांगायचं. त्याला वेळ लागणार होता. गुरुजींनी मुदत घातली: अर्धा तास. तेवढ्यात नाही कळलं तर मळी रिकामी करायचीच. आमच्या मते त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. पडताळणीला मुदत नसेल तर माणसं पडताळतच बसतात.

एक गोष्ट मात्र लगेच केली. कार्यकर्त्यानं दोन पोरांना बॅटऱ्या देऊन पुलाच्या तोंडावर उभं केलं आणि वाटेत बैलगाडी आडवी लावली. क्लिप खरी असो वा खोटी, पुलावर जाणं दोन्हीत घातकच. जे काम कुठल्याही उत्तरात बरोबर ठरतं, ते उत्तराची वाट न बघता करून टाकावं.

पडताळणी कशी केली

व्हिडिओ सोपा निघाला. तो आला रात्री पावणेनऊला ‘आत्ताचा’ म्हणून, आणि चित्रात लख्ख ऊन. कठड्याच्या सावल्या फरशीवर पडलेल्या. एवढं घाबरलेल्या माणसाला दिसत नाही, कारण त्याचे डोळे पाण्यावर असतात. म्हणून व्हिडिओ बघताना मधला भाग सोडून कडेला बघायची सवय लावावी: सावल्या, कपडे, पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट. मग आवाज. क्लिप संपल्यावर शेवटची चारेक सेकंदं मूळ आवाज उरला होता. फोन कानाला लावल्यावर त्यात तेलुगू बोलणं ऐकू आलं. व्हिडिओ तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घेतले आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाकले. दोन्ही बाजूंचा डोंगर आणि दरवाजे एकत्र दिसतील अशी चौकट निवडली, कारण नुसत्या पाण्याचा फोटो टाकला की जगभरची धरणं येतात. तोच व्हिडिओ कित्येक वर्षांपूर्वी इंटरनेटवर चढवलेला सापडला, श्रीशैलम धरणाचा. तेही कृष्णेवरचंच. या गावाचं पाणी अलमट्टी, नारायणपूर ही धरणं करत शेवटी तिथंच जातं.

व्हिडिओवर दुहेरी बाण होता, म्हणजे तो अनेकदा पुढं ढकलला गेलेला. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, साधा फॉरवर्ड पाचांना. आवाजाच्या क्लिपवर मात्र बाणच नव्हता, म्हणून ती पहिल्या हातची वाटली. पुढं कळलं की कुणीतरी एका फोनवर ती वाजवून दुसऱ्या फोनवर नव्यानं रेकॉर्ड केली होती. असं केलं की ‘फॉरवर्डेड’ची खूण पुसली जाते. बाण आहे म्हणजे शंका घ्यावी, हे ठीक. बाण नाही म्हणजे भरवसा ठेवावा, हे चूक. फाईलच्या नावातली तारीखही भरवशाची नाही. ती फाईल त्या फोनवर कधी आली ते सांगते, चित्रण कधी झालं ते नाही.

क्लिपमधल्या शब्दांकडं गुरुजींनी नीट लक्ष दिलं. ‘आत्ताच’, ‘दोन तासांत’. घड्याळातली वेळ नाही, तारीख नाही, बोलणाऱ्याचं नाव-गाव नाही. असा निरोप कधीच शिळा होत नाही. पुढच्या जुलैतही तो ‘आत्ताच’च राहतो.

पण व्हिडिओ खोटा आहे म्हणजे धरण शाबूत आहे, असं सिद्ध होत नाही. ते फोनवरच कळणार होतं. तालुक्याचा फोन सतत व्यस्त. १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर लावला तर फोन लागला कोल्हापूरला, कारण मोबाईलनं नदीपलीकडचा टॉवर पकडला होता. हे नशीबच म्हणायचं. दरवाज्यांची नेमकी माहिती तिथंच होती: धरणाला काही झालेलं नाही, सहापासून एकूण ८,००० क्युसेक सोडलंय, रात्रीत वाढवायचा विचार नाही. मग बेळगावच्या कक्षाला थेट नंबरवर फोन करून तेच विचारलं. दोन्हीकडचा आकडा जुळला. वेळ झाली होती दहा वाजून पाच मिनिटं. मुदत पाच मिनिटांनी उलटली होती.

८,००० क्युसेक म्हणजे किती, हे गुरुजींनी तिथल्या तिथं हिशोब करून सांगितलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा सेकंदाला सव्वादोन लाख लिटर. ऐकायला अफाट. पण ११,५७४ क्युसेकनं दिवसभर सोडलं तेव्हा एक टीएमसी होतं. या वेगानं दिवसाला ०.६९ टीएमसी, म्हणजे भरलेलं धरण रिकामं व्हायला महिन्याहून जास्त. धरण फुटलं तर तेच पाणी काही तासांत येईल. आणि गळती तर लिटरमध्ये मोजायची गोष्ट. सोडणं, गळणं आणि फुटणं या तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, हे त्या हिशोबानं चौघांच्या मनात पक्कं बसलं.

नदीचा पुरावाही घेतला. पुलाच्या तोंडावरच्या दगडी खांबाला पोरांनी खडूनं रेघ मारली आणि पंधरा मिनिटांनी पाहिलं: बोटभर वर. दुसऱ्या खेपेला तेवढंच. म्हणजे तासाला चारेक इंच, एका चालीनं.

काय सांगितलं, कसं सांगितलं

वीज नव्हती, म्हणून गणपतीत वापरतात तो भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडला. पहिली घोषणा चुकलीच. ‘काळम्मावाडी धरण फुटल्याची बातमी खोटी आहे’ असं ओरडून सांगितलं. पाऊस आणि वाऱ्यात पलीकडच्या गल्लीत पोचलं ते ‘काळम्मावाडी धरण फुटल्याची बातमी’ एवढंच, आणि दोन घरांतून रडारड सुरू झाली. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तो वाऱ्यानं नेला की खुलाशाचीच अफवा होते. कार्यकर्त्यानं पुढच्या गल्लीपासून ‘फुटलं’ हा शब्दच काढून टाकला. ‘धरण सुरक्षित आहे’ आधी, बाकी मागून.

दहा पंचवीसला सगळ्या ग्रुपवर हा मजकूर गेला, आणि सेक्रेटरींनी तो स्वतःच्या आवाजातही टाकला, कारण क्लिप ऐकलेल्या पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं:

‘रात्री १०:२५. काळम्मावाडी धरण सुरक्षित आहे. संध्याकाळी ६ पासून ८,००० क्युसेक पाणी सोडलंय. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही कक्षांना फोन करून खात्री केली, फोन डेअरीच्या सेक्रेटरींनी केला. आपल्या पुलावर पाणी आलंय, तासाला चार इंच चढतंय. मळीतल्या घरांनी जनावरं आणि माणसं आत्ताच शाळेकडं आणावीत. टेकाडावरच्यांनी घरातच थांबावं. पुलावर कुणीही जाऊ नये. पुढची खबर ११:३० ला.’

या मजकुराचं बळ शेवटच्या ओळीत होतं. साडेअकराला दुसरी खबर येणार हे कळल्यावर लोक तिची वाट पाहू लागले आणि मधल्या वेळेत आलेल्या क्लिपा ‘साडेअकराला बघू’ म्हणून बाजूला पडल्या. साडेअकरा, साडेबारा आणि दोन वाजता खबर गेली. साडेबाराच्या खबरीत नवीन काही नव्हतं, तरी ती पाठवली. ते बरोबरच झालं. ठरल्या वेळी गप्प राहिलं असतं तर पुन्हा क्लिपच बोलली असती. पहिली क्लिप हटवली होती ही चूकही सेक्रेटरींनी आवाजात मान्य केली आणि ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला केला.

परिणाम

पहाटे चारपर्यंत मळीतल्या अकरा घरांत पाणी शिरलं. अकराही रिकामी होती. ट्रॉली बैलगाडीपाशी अडली आणि मागं फिरली. अंधारात पळताना एका बाईचं मनगट मोडलं. सोडलेल्या सहा म्हशींपैकी चार सकाळी उसात सापडल्या, दोन नाही. एका घराचं दुभतं त्या दोन म्हशींवरच होतं आणि याची भरपाई कुठल्याच यादीत बसली नाही, कारण त्या पुरानं नेल्या नव्हत्या, क्लिपनं नेल्या होत्या.

सकाळी गावाला क्लिप टाकणारा हवा होता. ग्रुपवर ती आणणारा पोरगा अठराचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हे त्याला कुणीतरी ऐकवलं आणि तो फोन बंद करून घरात बसला. गुरुजी त्याच्या घरी गेले. ‘बाळा, तुला पकडून द्यायला नाही आलो. कुठनं आलं ते आपण दोघं मिळून मागं मागं बघूया,’ म्हणाले. त्यानं फोन समोर ठेवला, म्हणूनच सोडलं–सुटलं–फुटलं ही साखळी आज सांगता येते. दमदाटी केली असती तर चॅट पुसले गेले असते. आवाज जोडणारा माणूस मात्र सापडला नाही. साखळी तिसऱ्या ग्रुपपाशी तुटली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी सव्वासहालाच गेली. कन्नड सूचना नीट मराठीत आणायला दहा मिनिटं पुरली असती. गावात कन्नड माध्यमातून शिकलेल्या दोन मुली आहेत, दोघींची घरं पंचायतीपासून हाकेच्या अंतरावर. त्या रात्री त्यांना कुणी विचारलंच नाही. आता सूचनेचा फोटो आधी त्यांच्याकडं जातो. कन्नड मूळ आणि खाली मराठी असा एकत्रच ग्रुपवर येतो, म्हणजे ज्याला दोन्ही कळतं तो चूक दाखवू शकतो. ‘धरण सोडलं’ हे लेखी निरोपात वापरायचं नाही, ‘दरवाजे उघडले, इतके क्युसेक’ असंच लिहायचं, असं ठरलंय. बोलण्यातून तो शब्द जाणार नाही आणि जायचं कारणही नाही.

क्लिप हटवण्याऐवजी तिलाच उत्तर म्हणून ‘विचारतोय, साडेनऊला सांगतो’ एवढं लिहून ते पिन केलं असतं, तर पंचायतीच्या घाईच्या मेसेजची गरज पडली नसती. ‘अजून माहीत नाही’ हे वेळेसह सांगितलेलं लोक ऐकून घेतात. पद मोठं म्हणून ‘अफवा आहे’ एवढ्यावर ऐकतीलच असं नाही.

फोन नंबरांची यादी जूनमध्येच करायला हवी. त्यात धरणाचा नियंत्रण कक्ष, दोन्ही जिल्ह्यांचे कक्ष थेट नंबरांसह, आणि वरच्या अंगाला दोन गावांतली ओळखीची दोन माणसं. धरण फुटलं तर आधी त्यांच्या दारात पाणी येईल. त्या रात्री अशा एका माणसाला फोन लावला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. हे सुचलं ते सकाळी.

खडूची रेघ पहाटेपर्यंत पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर त्याच खांबावर तेलरंगानं फूट-फूट अंतरावर आकडे रंगवले. मळीतल्या घरांनी सहाचा आकडा बुडाला की निघायचं, असं मळीतल्या लोकांनीच बसून ठरवलं, कारण २०१९ ला पाणी कुणाच्या उंबऱ्याला कधी लागलं ते त्यांनाच पाठ होतं. त्यातली चार घरं पाचावर निघणार आहेत. त्यांच्याकडं अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत.